लबासा ते सावुसावू, सुवामार्गे

आमच्या फिजीतल्या बोट कंपनीच्या सुवा ऑफिसात लोसालिनी सव्वीस वर्षं फोनवर होती. साहेबांपासून धक्क्यावरच्या हमालांपर्यंत सगळे तिला नेई लोसा म्हणत. नेई म्हणजे आत्या. लबासा, सावुसावू, लाउतोका, कुठल्याही शाखेत आलेला फोन कुणाकडे द्यावा हे कळलं नाही की तो लोसाकडे यायचा आणि ती योग्य माणसाला जोडून द्यायची. प्रत्येक फोन ती वहीत लिहायची: कुठून आला, कुणाला दिला, किती वाजता. इंटरनेटवरचे नवे फोन आले तेव्हा मी म्हटलं, "नेई, हे सगळं आता यंत्रच लिहितं."

"लिहू दे त्याला. मी माझं लिहिते."

ते फोन मीच बसवले होते. चारही ऑफिसांचे संगणक आणि तारा माझ्याकडे होत्या. वर्षभर बरं चाललं, मग सकाळच्या गर्दीत आवाज तुटायला लागला. एकदा लोसाने मला टेबलापाशी थांबवलं. तिच्या पडद्यावर समुद्रापलीकडच्या लाइनवर किती फोन चालू आहेत त्याचा आकडा दिसायचा.

"रोनील, हे बघ. लबासाहून फोन आला, आकडा एक. मी तो सावुसावूला दिला आणि माझा फोन ठेवला. आता तर शून्य व्हायला हवा. हा दोन झाला."

"नेई, तुम्ही जोडायचं काम करा हो. आकड्यांचं मी बघतो."

हसत म्हटलं, पण बघितलं काहीच नाही.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी सुखराजी नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी लबासा ऑफिसला फोन केला. सुवाला परदेशी डॉक्टर आले होते, त्यांच्याकडे डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि समुद्र खवळलेला. आज सावुसावूहून बोट आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. लबासाच्या प्रनीताने फोन लोसाला दिला, लोसाने सावुसावूच्या धक्क्यावर इलाइतियाला. इलाइतिया म्हणाला, "आज संध्याकाळी नाही, दुपारी दोनलाच सुटणार." म्हातारीला तुटक तुटक ऐकू आलं: "आज... नाही... सुटणार." त्या घरीच राहिल्या. बोट गेली, आठवड्याने डॉक्टरही गेले. पुढची खेप पाच महिन्यांनी.

जावयाची तक्रार आली. इलाइतिया म्हणाला, मी नीट सांगितलं. प्रनीता म्हणाली, मी फक्त सुवाला दिला. मधे उरली लोसा. लेनर्डसाहेबांनी तिला लेखी ताकीद दिली: निष्काळजीपणा. सव्वीस वर्षांतली पहिली.

मी तिथेच उभा होतो, आणि मला थोडं थोडं कळायला लागलं होतं. फोन बसवताना लबासा आणि सावुसावूचे फोन थेट जोडले की एकमेकांना ऐकू येईनात. तेव्हा मी एक सोपा उपाय केला होता: कुणीही कुणाशी बोलो, आवाज सुवातल्या फोन जोडणाऱ्या खोक्यातूनच जाईल. नंतर नीट करू म्हटलं आणि राहून गेलं. एकाच बेटावरची ती दोन ऑफिसं. मधे डोंगरातला रस्ता, आणि कागदपत्रं पाठवायला मीच टाकलेली थेट लाइनही. तरी त्यांचं बोलणं समुद्र ओलांडून सुवाला यायचं आणि परत समुद्र ओलांडून जायचं. एका फोनला दोन फोनांची जागा. गर्दी झाली की शब्द गळणारच.

कळलं, पण तोंड उघडलं नाही. साहेबांसमोर माझी अब्रू होती ना.

लोसा रडलीबिडली नाही. तीन दिवस वही चाळत बसली. सोमवारी ती साहेबांना आणि मला घेऊन खोक्याच्या खोलीत आली. प्रनीताचा फोन तिने इलाइतियाला जोडून दिला होता. साहेबांसाठी तो स्पीकरवर चालू ठेवायला दोघांनाही सांगितलं होतं आणि प्रनीताच्या मोबाइलला लावलेल्या साहेबांच्या मोबाइलवरून लबासाच्या टेबलावरचं सगळं ऐकू येत होतं.

"मी बाजूला झाले," लोसा म्हणाली. "आता हे दोघं बोलतायत, इथे माझं काही काम नाही. बरोबर, रोनील?"

"हो, नेई."

"मग काढ ती खोक्याची वायर."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी वायर काढली. मोबाइलवर इलाइतियाचा आवाज अर्ध्या शब्दात बंद पडला आणि प्रनीता ओरडायला लागली, "हॅलो? मेलास का रे?"

साहेब म्हणाले, "याचा अर्थ काय?"

लोसा माझ्याकडे बघत राहिली, रागाने नव्हे, नुसती वाट बघत. मग मी सांगितलं सगळं. ताकीद माझ्या नावावर हवी, हेही.

दुरुस्तीला एक दुपार गेली. लबासाच्या खोक्यात आवाजाची एक वाट बंद होती, ती उघडली. फोन जोडून दिला की दोन्ही टोकांनी थेट जोडून घ्यावं आणि सुवाने मधून निघून जावं, अशी मांडणी केली. पुन्हा प्रनीता, पुन्हा इलाइतिया, पुन्हा मी वायर काढली. पलीकडे त्यांचं चालूच.

"डालोचे कंद उकडलेस की नुसते पाण्यात बुडवलेस?"

"तू ये तर खरी, मग बोल."

"तुझ्या हातचं खायला दवाखाना जवळ हवा."

साहेब हसले. लोसा हसली नाही. तिने मला वायर परत लावायला सांगितली आणि टेबलाशी जाऊन आकडा बघितला: शून्य. वहीत लिहिलं.

"तो ताकिदीचा कागद मी फाडतो," साहेब म्हणाले.

"फाडू नका. त्याच्याखाली काय घडलं ते लिहा, आणि एक प्रत त्या जावयाला पाठवा. तिकडे सगळे मलाच बोल लावत असतील."

पुढचे पाच महिने लोसा दर शुक्रवारी सुखराजींना फोन करायची. त्या हिंदीत बोलत, ही मोडकीतोडकी हिंदी. काय बोलायच्या कोण जाणे, पण अर्धा तास सहज जायचा. डॉक्टर परत आले तेव्हा बोटीची वेळ तिने स्वतः कळवली, आणि सकाळी बंदरावर मला सोबत नेलं, बॅग उचलायला म्हणून.

सुखराजी काठी टेकत उतरल्या. लोसा पुढे होऊन "काकी" म्हणाली. म्हातारीने तिचा भरभक्कम दंड चाचपला आणि म्हणाली, "अगंबाई, आवाजावरून मला वाटलं होतं, काडी असशील!"

टॅक्सीत मी माझी चूक सांगितली. सुखराजी म्हणाल्या, "पाच महिन्यांत नातवाचं लग्न झालं, पोरा. नवरीचा चेहरा मला धूसरच दिसला."

लोसाने माझी बाजू घेतली नाही.

ऑपरेशन नीट झालं. आठ दिवस सुखराजी लोसाच्याच घरी राहिल्या.