एज्युकेटचे तीन घाव

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या मोटारीत माझ्याशेजारी पांढऱ्या कडक सदऱ्यातला एक तरुण बसला होता. तो ‘एज्युकेट’ पुटपुटत होता आणि एकेका तुकड्यासरशी हवेत खुरपं चालवल्यासारखा हात हलवत होता. ए, ज्यु, केट. पहिला घाव जोराचा, पुढचे हलके. दुसऱ्याच्या उच्चारात खोट काढायची मला भारी हौस. इथे खोट काढायला जागाच नव्हती.

“हात कशाला हलवता?” मी विचारलं.

“मायसंगं निंदता निंदता पाठ केलं जी. एका घावाले एक तुकडा.” खिडकीशी बसलेल्या म्हातारीकडे त्यानं पाहिलं. “उद्या हिवरखेडच्या शाळेत मास्तर म्हणून पयला तास हाय. तिथंच मी पयलीत दाराबाहेर बसून शिकलो. हा शब्द मूळ लॅटिनचा. पोसून मोठं करणं. म्हणजे हिनं केलं ते.”

लोक वळून पाहू लागले, तसा त्याचा आवाज खाली गेला. म्हातारी कडाडली, “हळू काहून म्हनतं रे? जोरानं म्हन. गाडीत कोनी झोपलं नाई!”

मग तो ‘एज्युकेट’ इतक्या जोरानं म्हणाला, की ड्रायव्हरनंसुद्धा मान वळवून पाहिलं.