मुका मध्यम

भंडाऱ्याला गुरुजींचा सत्कार आहे, संगीतसेवेबद्दल जीवनगौरव, आणि साथीला पेटीवर तुम्ही बसाल का, असा फोन आला तेव्हा मी एका दमात हो म्हटलं. फोन करणाऱ्याला वाटलं असेल, बाई किती भाविक! भाविक कसली डोंबलाची. किती वर्षं मनात रुतलेला काटा काढायला मला आयताच चिमटा मिळाला होता.

हे गुरुजी आमच्या एकोडीचेच. आज भंडाऱ्यात त्यांचा मोठा संगीतवर्ग आहे आणि जिल्हाभर शिष्य आहेत. पण पेटीवर त्यांची बोटं पहिल्यांदा फिरली ती आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, माझ्या बाबासमोर मांडी घालून. बाबा धानाची शेती करायचा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ होतात, तेव्हा पेटीवर बाबाच लागायचा. गुरुजी तेव्हा गुरुजी नव्हते. मी त्यांना भाऊ म्हणायची. शिकून झालं की मायच्या हातचं वरण-भात खाऊनच घरी जायचे.

बाबाच्या पेटीत एक खोट होती. मधल्या सप्तकातला मध्यम मुका होता. आतली सुराची पट्टी तुटलेली, त्यामुळे बोट ठेवलं की नुसती हवा, फुस्स! दुरुस्तीला पेटी नागपूरला न्यावी लागली असती. बाबा म्हणायचा, ‘‘चालते ना बाप्पा, काय अडून राहिलं?’’ दंडारीच्या सुरुवातीचा गण त्यानं असा बसवला की गंधारावरून उडी मारून थेट पंचमावर जायचं. मधल्या मध्यमाच्या वाटेलाच जायचं नाही. भाऊ तसंच शिकले, मीही तसंच शिकले.

पुढे भाऊ नागपूरला एका मोठ्या पंडितांकडे गेले, नाव कमावलं आणि भंडाऱ्यात वर्ग उघडला. उद्घाटनाचं आमंत्रण बाबाला आलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत रीत आहे, गुरूचं नाव घ्यायचं ते कानाची पाळी धरून. बाबानं गावभर सांगून टाकलं, ‘‘आज पोरगा कान धरून माह्यं नाव घेते, पाहा तुमी!’’ इस्त्रीचा सदरा घातला, मला सोबत घेतलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

भाऊ स्वतः जवळ आले. ‘‘काका, पाहुणे येऊन राहिले. जरा मांगं बसता का?’’

बाबा उठला. आम्ही मागे बसलो, पार पंख्याचं वारंही येत नव्हतं तिथे. मग भाषण झालं. पंडितांचं नाव आलं, कानाला हात गेला, टाळ्या झाल्या. बाबाचं नाव काही आलं नाही. आमच्या गावाचंही आलं नाही. बाबा शेवटपर्यंत मान पुढे काढून ऐकत होता, आता येईल, मग येईल म्हणून.

घरी पोचलो तर माय दारातच उभी. ‘‘घेतलं का हो नाव?’’

‘‘घेतलं ना,’’ बाबा म्हणाला. ‘‘कान धरून घेतलं.’’

मी बाजूलाच होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चूप राहिले. मायनं त्या दिवशी गोड केलं होतं, ते आम्ही दोघांनी खाल्लं. पुढे बाबा गेला तरी ते खोटं तसंच राहिलं, आणि मला ते खरं करायचं होतं. त्या माणसाच्या तोंडून बाबाचं नाव, तेही कान धरून, चारचौघांत. दुसरं काही नको होतं मला. माफी तर मुळीच नको होती, माफी घेऊन काय चाटायची?

फोन आल्यावर मी बाबाची पेटी काढली. भाता नवा करून घेतला, बाकीचे सूर लावून घेतले. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘‘मॅडम, मध्यमाची पट्टी बी टाकून देतो ना.’’

‘‘हात लावाल तर खबरदार,’’ मी म्हटलं. बिचारा घाबरून पाहायला लागला. मी शाळेत संगीत शिकवते, पोरांवर ओरडायचा आवाज आहे माझा.

सत्काराला मायला घेऊन गेले. तिला आता ऐकू फार कमी येतं, पण दिसतं चांगलं. तिला मी पहिल्या रांगेत बसवलं आणि संयोजकांना बजावलं, पाहुणे येवोत की पाहुण्यांचे बाप येवोत, ही बाई इथून उठणार नाही.

शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र झालं. गुरुजी बोलायला उभे राहिले. पंडितांचं नाव, कानाला हात, टाळ्या. तस्संच, जसंच्या तसं! मग लोकांनी गाण्याचा आग्रह केला आणि ते बैठकीवर येऊन बसले. पेटीवर मी झूल टाकून ठेवली होती. फक्त वरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उघड्या होत्या. ‘‘आपलीच पोरगी हाये,’’ असं माझ्याकडे हात करून त्यांनी माइकवर सांगितलं. मी हसून नमस्कार केला.

आणि गायला त्यांनी घेतलं काय, तर तोच गण! म्हणाले, ‘‘ही माझ्या पंडितजींची देणगी.’’ गंधारावरून पंचमावर उडी मारली तशी लोकांनी माना डोलावल्या. गाणं थांबवून गुरुजींनी समजावलं, ‘‘ही आमच्या घराण्याची उडी. असा मध्यम टाळणं सोपं नाही. माझे सगळे विद्यार्थी हे शिकतात.’’

एका तुटक्या पट्टीचं घराणं करून ठेवलं होतं या माणसानं. मला हसू आलं, आणि रागही आला. मी माझा माइक ओढला.

‘‘गुरुजी, एक शंका आहे. मध्यम काहून टाळायचा?’’

‘‘बेटा, त्यात रहस्य असतं.’’

‘‘मला वाटलं, पेटी बिघडली होती म्हणून.’’

आणि मी वाजवलं. सा, रे, ग... फुस्स... प. माइकमधून ती फुस्स सभागृहभर गेली. लोक हसले. मी पुन्हा वाजवलं. ते आणखी हसले. मी झूल ओढून काढली. गुरुजींनी खाली पाहिलं आणि पेटी ओळखली. त्यांचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मी मन भरून पाहिला, खोटं कशाला बोलू?

‘‘ही पेटी कोणाची, गुरुजी? तुमीच सांगा.’’

त्यांनी पुटपुटत बाबाचं नाव घेतलं.

‘‘मागे ऐकू नाही गेलं.’’

मग त्यांनी मोठ्यानं घेतलं. सगळं नाव, आडनावासकट, आणि सवयीनं म्हणा की कशानं म्हणा, हात कानाकडे गेला. त्यांनी पाळी धरली.

खाली उतरल्यावर ते मला म्हणाले, ‘‘बरोबर नाही केलं तू.’’

‘‘नाहीच केलं,’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्याकडूनच शिकले, भाऊ.’’ ते शाल सावरत निघून गेले. मी पेटी उचलली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

परतताना बसमध्ये माय खिडकीशी बसली होती. साकोली आली. मग माझा हात धरून म्हणाली, ‘‘पायलं ना, कसा कान धरला त्यानं? लोक बी किती खूश होऊन हासत होते.’’

‘‘हो माय.’’

‘‘तुह्या बाबानं सांगतलं होतं मले, मांगं बी असाच धरला होता. आता दुसऱ्यांदा. लय मोठ्या मनाचा पोरगा हाये. त्याले एखाद्या दिवशी जेवाले बोलाव.’’

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. इस्त्रीचा सदरा, मागची रांग, सगळं. तेवढं सांगितलं की त्या माणसाची उरलीसुरली इज्जतही गेली असती. त्याच्यासोबत बाबाची गेली असती.

‘‘हो माय,’’ मी तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं, ‘‘दोन्ही वेळा धरला.’’