घासाच्या वाफ्याची राखण

शेळ्यांनी वाफ्यात शिरून उभा लसूणघास खाऊ नये म्हणून आम्ही धनगराकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं. ते दीड वर्षाचं झालं, तरी त्याच्या डोक्यात काही उतरेना. शेळ्या घासाकडे निघाल्या की ते त्यांच्या पुढे पळायचं आणि वाफ्यात लोळायचं. दोन गुंठे घासातला अर्धा गुंठा त्यानं एकट्यानं झोपवला. मी रोज त्याला बांधावर नेऊन न चिडता शेळ्या अडवायला शिकवायचो.

बायको म्हणायची, "अहो, हे कुत्रं न्हाई, बिनशिंगाचं करडू हाय! धनगर आला की माघारी द्या."

धनगराच्या मेंढ्या पुन्हा आमच्या शिवारात आल्या. ज्या सकाळी तो कुत्रं न्यायला येणार होता, त्याच सकाळी शेळ्या वाफ्याकडे वळल्या आणि आमचा गडी एकदम वाट अडवून भुंकला. शेळ्या माघारी फिरल्या. मी बांधावर चक्क नाचलो!

मग बायको विळा घेऊन घास कापायला निघाली. त्यानं तिलाही वाफ्यात पाऊल टाकू दिलं नाही. पदर धरून तिला शेळ्यांत नेऊन उभं केलं. तिला हसू आवरेना.

तेवढ्यात धनगर दोरी घेऊन आला. "वैनी, नेऊ का?"

"हात तर लावून बघा! लई गुणाचं हाय आमचं!"