आतोबांचा रक्तगटांचा तक्ता

देवानं जग निर्माण केलं, पण ते रकान्यांत मांडायचं राहून गेलं, म्हणून त्यानं आमच्या आतोबांना कराडला पाठवलं, असं माझं ठाम मत आहे. नव्वदच्या दशकात त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. त्याच्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार आणि एरवी अंगावर आत्याच्या जुन्या लुगड्याची घडी. त्या यंत्राला येणारं बाकी सगळं सोडून आतोबा स्प्रेडशीटच्या प्रेमात पडले. कुठल्या बरणीत कुठलं लोणचं, कुठल्या पाहुण्याला किती साखर, सगळं त्या चौकटींत गेलं. चहा घेतो म्हटलं की हे उठायचे. "थांब, तुझी साखर बघून येतो." तेवढ्यात वीज जायची आणि आत्या आपल्या आठवणीनं साखर घालून चहा पुढे ठेवायची. "या कामाला दुसरं सॉफ्टवेअर मिळतं," असं मी एकदा म्हटलं, तर मी त्यांना दुसरं लग्न करायला सांगतोय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

यातलं एक काम मात्र खरोखर मोलाचं होतं. ओळखीतल्या रक्तदात्यांची नावं आणि त्यांचे गट त्यांनी तक्त्यात भरले होते. अडीनडीला लोक त्यांच्याकडे धावत. मग एकदा आत्याचंच गर्भपिशवीचं ऑपरेशन निघालं. तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची बाटली नव्हती आणि रक्त हाताशी आल्याशिवाय डॉक्टर तयार होईनात. आम्ही घाबरलो, आतोबा निवांत. "आपला तक्ता कशासाठी आहे मग?" त्यांनी ओ निगेटिव्हपुढची नावं काढली, फोन केले आणि दुपारपर्यंत सगळे हजर झाले. तपासलं, तर एकाचाही गट जुळेना.

झालं होतं असं, की आदल्याच आठवड्यात आतोबांनी नीटनेटकेपणाच्या हौसेनं नावं अकारविल्हे लावली होती. हुकूम गेला फक्त नावांच्या रकान्याला. नावं हलली, रक्तगट जागच्या जागी राहिले. हे ध्यानात आलं तेव्हा ते दवाखान्याच्या बाकावर मटकन बसले. "माझ्या हातानं घात केला रे तिचा," एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

कुंडलहून आलेला त्यांचा पैलवान मित्र शेजारी टेकला. "आवं, माझं रगत ए पॉझिटिव्ह हाय. मला ठावं हाय की."

"मग आलास कशाला?"

"तुमी बोलावलं म्हनून. आन कॉम्प्युटर म्हनतोय, तर बदललं आसंल म्हनलं."

त्याची बायको भाकरीचं गठुडं घेऊन सोबत आली होती. ती पदर सावरून उठली. "माजं बगा की तपासून." तपासलं आणि जुळलं! आतोबांच्या तक्त्यात एकही बाई नव्हती. बायकांना कशाला त्रास, असं त्यांचं तत्त्व होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी येऊन आतोबांनी तक्त्यात नवी ओळ घेतली, गट भरला आणि नावापाशी थांबले. "अरे, वहिनींचं नाव काय?" मला कुठलं ठाऊक असणार! इतकी वर्षं कुंडलच्या जत्रेला ते तिच्या हातचं जेवत होते आणि तिला वहिनी म्हणत होते. पैलवानाच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, पण हे फोनवर विचारणं त्यांना बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आत्या धड बोलायला लागली, तिचा हात त्यांनी थोडा वेळ धरून ठेवला, आणि एक नाव विचारायला म्हणून आमचे आतोबा कुंडलच्या एसटीत जाऊन बसले.