दिव्याची होडी

दादाचा डबा मी फेकला नाही, यात माझं काही कौतुक नाही. तो माळ्यावर पडला होता आणि मला माळ्यावर चढायचा कंटाळा. डबा म्हणजे त्याचा जुना गेमिंग कन्सोल. मी सातवीत होतो आणि तो कॉलेजात, तेव्हा त्यानं तो घाटकोपरच्या एका दुकानातून सेकंडहँड आणला होता.

नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही एकच गेम वर्षानुवर्षं खेळलो. समुद्र, दोन होड्या आणि शेवटी एक बेट. दोन्ही होड्या काठाला लागल्या की गेम पुरा. पुढच्या होडीत दिवा असायचा आणि मागची त्याच्या उजेडानं चालायची. पुढे दादा, मागे मी. समुद्रावर कायम धुकं. ते काही हवामान नव्हतं, डब्याची ऐपतच तेवढी होती. लांबचं चित्र त्याला काढता यायचं नाही, म्हणून सगळं पांढऱ्यात झाकलेलं. त्या पांढऱ्यातून अचानक खडक यायचे. दादा वळायचा, त्याच्यामागे मी वळायचो. दर वेळी वळण्याआधी त्याची होडी उगीच एकदा डावीकडे झोकांडी घ्यायची. अंगठाच जड होता त्याचा. मी त्यावरून त्याला खूप चिडवायचो.

नोकरी लागल्यावर मी नवा कन्सोल घेतला. अंधेरीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे मशीनच्या ताकदीवर बोलायचे, कुणाचं चित्र किती स्वच्छ, कुणाचं किती सरसर हलतं. मीही तज्ज्ञ झालो. उथळ पाण्याला खळखळाट फार. एका रविवारी दादाबरोबर खेळताना बेट जवळ आलं होतं, आणि मी कंट्रोलर खाली ठेवला.

"दादा, तुझ्या डब्यात दमच नाही यार. डोळ्यांची वाट लागते."

"दम कशाला पाहिजे रे? मी आहे ना पुढे," तो म्हणाला. मग गेम तिथेच सेव्ह केला. "ये सवडीनं, पुरा करू."

मला सवड झाली नाही. दोन वर्षांनी डेंग्यूनं त्याला चार दिवसांत नेलं.

बाबा आधीच गेलेले, दादाचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे दहाव्याला पिंड मीच ठेवला. कावळा शिवेना. मामा म्हणाला, तुझ्या आईला आम्ही बघू. आत्या म्हणाली, धाकट्याचं लग्न मी लावून देईन. समोरच्या भिंतीवर सात-आठ कावळे नुसते बसून होते. शेवटी मी हात जोडून पुटपुटलो, "आपला राहिलेला गेम पुरा करतो." पुटपुटणं संपेपर्यंत एक कावळा खाली उतरला होता.

शब्द दिला होता, तो मी पाळलाही. पण माझ्या पद्धतीनं. तोच गेम नव्या मशीनसाठी नव्यानं निघाला होता. धुकं नाही, पाणी काचेसारखं, खडक मैलभर आधी दिसतात. एकट्यालाही खेळता येतो, दिव्याची होडी लागतच नाही. दोन दुपारींत मी बेटावर पोचलो. एवढं सोपं होतं होय, असं वाटलं, आणि मी विसरून गेलो.

वर्षश्राद्धाला आईनं वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. पान वाढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा लगेच आला, पानाजवळ बसला आणि मान वाकडी करून घरात बघत राहिला. तासभर. कावळा शिवल्याशिवाय आई घास घेणार नव्हती, आणि तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या.

"तेका काय कबूल केललंस?" आईनं विचारलं.

मी सांगितलं.

"पुरो केलंस?"

"केला. माझ्या मशीनवर."

आईनं माळ्याकडे पाहिलं.

डबा खाली काढला, पुसला, जुन्या वायरी जोडल्या. दादाचा कंट्रोलर सवयीनं पुढच्या होडीच्या खाचेत लावला आणि जमिनीवर ठेवला. गेम सुरू झाला, तेव्हा दोन्ही होड्या त्या रविवारी होत्या तिथेच होत्या. सगळीकडे पांढरं. पुढे दिवा.

मी माझ्या कंट्रोलरवर मागची होडी हाकायला घेतली आणि दिवा पुढे सरकला.

दादाचा कंट्रोलर माझ्या गुडघ्याजवळ पडलेला होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. जुनं बटण अडकलं असेल, असं मी स्वतःला म्हणालो. मग दिवा डावीकडे झोकांडला आणि उजवीकडे वळला. मी वळलो. माझ्या बाजूनं खडक गेला. पुन्हा झोकांडी, पुन्हा वळण. अडकलेलं बटण खडक चुकवत नाही. पण खरं सांगतो, उठावंसं वाटलं नाही. इतक्या दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

बेट आलं. दिवा काठाला लागून थांबला. माझी होडी दोन हात मागे होती, आणि मी ती तिथेच धरून ठेवली. मी काठाला लागलो की गेम संपणार, आणि सेव्ह केलेलं पुसलं जाणार. दिवा हलत नव्हता. बाहेर कावळाही हलत नव्हता.

"दादा, थांब ना जरा," मी म्हणालो.

आई मागे येऊन उभी होती. ती स्क्रीनकडे बघत होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता सोड तेका, बाबू. उपाशी आसा तो."

मी अंगठा दाबला. होडी काठाला लागली, स्क्रीन काळी झाली, आणि गॅलरीत पंख फडफडले. "कावळो शिवलो," आई म्हणाली. मग ती रडली आणि आम्ही जेवलो.

त्यानंतर मी डब्यावर तो गेम कितीदा तरी पहिल्यापासून सुरू केला. दिव्याची होडी जागची हलत नाही. कंटाळून नव्या मशीनवर बसतो. पाणी स्वच्छ असतं, क्षितिजापर्यंत सगळं दिसतं. पुढे कुणीच नसतं.