व्हॉक्सची बाजू घेणारा माणूस

लॉन्ड्रीला लागून एक अरुंद खोली होती. आत दोन माणसं शिरली की तिसऱ्याने दारातूनच बोलावं, एवढीशी. त्या खोलीत कानसेन जुने गिटार ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी खोकी, दुरुस्त करायचा. खरं नाव बायकोला आणि पोस्टमनला ठाऊक; बाकी झाडून सगळे गिटारवाले त्याला कानसेनच म्हणायचे, कारण मीटर लावण्याआधी तो ॲम्प ऐकायचा. डोळे मिटून, मान जराशी कलती करून. मग म्हणायचा, "डावीकडचा व्हॉल्व्ह दमलाय," आणि ती काचेची नळी दमलेलीच निघायची. पुढे चष्म्याचा नंबर वाढला, सोल्डरिंग करताना हात कापायला लागले, पण त्याने फिकीर केली नाही. कान शाबूत आहेत तोवर दुकान चालतंय, असं तो म्हणायचा. कान गेले तर काय, हे मात्र कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. तो विचार मनात आला की गडी उठून उगाचच फडक्याने टेबल पुसायचा.

त्याचा खरा जीव ब्रिटिश बनावटीच्या जुन्या ॲम्पांवर: मार्शल, हायवॉट आणि व्हॉक्स. मार्शल म्हणजे घरातला थोरला भाऊ, असं तो सांगायचा. आवाज वाढवला की गुरगुरतो, मधले सूर छाती काढून पुढे येतात, पण बोटांच्या बारीकसारीक चुका पोटात घालतो. हायवॉट म्हणजे हेडमास्तर. कितीही वाढवा, आवाज फाटणार नाही. तुम्ही जे वाजवलंत तेच, जसंच्या तसं, चारचौघांत. आणि व्हॉक्सचं नाव निघालं की स्वारी विरघळलीच. "वरचे सूर ऐक," तो म्हणायचा. "तार छेडलीस की आवाज आधी चमकतो आणि मग गातो. जोर दिलास तरी अंगावर येत नाही, नुसता लाडात येतो."

हे सगळं ऐकून घ्यायला आणि खोडून काढायला पैलवान होता. पैलवान हा कानसेनचा जुना मित्र, अंगाने काडीपैलवान, पण भलाथोरला मार्शल एकटा उचलून नेतो म्हणून हे नाव पडलेलं. तो जवळच्या एका हॉलमध्ये बँडबरोबर गिटार वाजवायचा आणि दुपारी दुकानात येऊन स्टुलावर ठाण मांडायचा. मग चहा यायचा आणि भांडण सुरू व्हायचं.

"व्हॉक्स म्हणजे नुसता किणकिणाट," पैलवान म्हणायचा. "पोटात काही नाही त्याच्या."

"तुझ्या कानात बोळे आहेत."

"आणि तुझ्या कानात गोट्या."

कानसेनची बायको कोपऱ्यात बसून स्पीकरपुढचं कापड शिवत असायची. ॲम्पला नवं कापड चढवायचं काम तिचं. ती मान वर न करता म्हणायची, "दोघांना एकाच खोक्यात घालून वर कापड ताणून बसवीन, मग भांडा आतल्या आत." तीस वर्षं हे असंच चाललेलं. माझं विचाराल तर ते भांडण नव्हतंच. म्हातारपणाकडे झुकलेल्या दोन माणसांची ती रोजची भेट होती.

मग एका वर्षी दुरुस्तीला आलेला एक व्हॉक्स कानसेनला रुसल्यासारखा वाटला. चमक नाही, काही नाही. वर कुणी घोंगडी टाकावी तसा दबका. त्याने व्हॉल्व्ह बदलले. स्पीकर काढून दुसरा लावून पाहिला. एकेक सांधा नव्याने जोडला. घोंगडी काही हटेना. शेवटी त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं: तीव्र सूर वाढवणारा एक छोटासा कपॅसिटर आपल्या मनाने जास्तीचा जोडला. तेव्हा कुठे थोडा उजेड पडला. तो व्हॉक्स एका चष्मेवाल्या मुलीचा होता. तिने दुकानातच दोन सूर वाजवून पाहिले, क्षणभर थबकली, आणि "छान झालाय, काका," म्हणून घेऊन गेली.

पुढचा व्हॉक्सही तसाच निघाला, त्याच्या पुढचाही. कानसेन म्हणायला लागला की हल्लीच्या व्हॉल्व्हमध्ये तो दम राहिला नाही. प्रत्येकात तो तसाच एक छोटा कपॅसिटर जोडत गेला. हायवॉटही त्याला मंद वाटू लागले, त्यांनाही त्याने तोच उपाय केला. मार्शल मात्र पूर्वीसारखाच भरदार गुरगुरायचा. घरी बायकोची किटली शिट्ट्या मारून मारून कोरडी पडायची आणि हा शेजारी पेपर वाचत बसलेला. ती म्हणायची, "अहो, निदान गॅस तरी बंद करावा माणसाने!" तो म्हणायचा, "शिट्टी कुठे झाली?" तिला वाटायचं, सोंग आहे.

एका दुपारी चहा पिता पिता कानसेन अचानक म्हणाला, "तुझंच खरं होतं रे."

"कशाचं?"

"मार्शलचं. व्हॉक्समध्ये काही राम नाही. मार्शलला भरीवपणा आहे. मीच हट्टाला पेटलो होतो इतकी वर्षं."

जिंकलेल्या माणसाने खरं तर नाचायला हवं होतं. पैलवानाने कप खाली ठेवला. त्याने आधी कानसेनकडे पाहिलं, मग कोपऱ्यात त्याच्या बायकोकडे. तिची सुई थांबली होती. "असू दे," पैलवान पुटपुटला, "व्हॉक्सही काही वाईट नसतो." तीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. आणि तो लवकर उठून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका ॲम्पची फ्यूज पाहायला कानसेन हॉलवर गेला. दुपारची वेळ, स्टेजवर पैलवान, ती चष्मेवाली आणि बँडमधली बाकीची मंडळी वायरी जोडत होती, एक बाई खुर्च्या पुसत होती. मागे ओळीने ॲम्प मांडलेले, आणि सगळे त्याच्याच हाताखालून गेलेले. सासरी नांदणाऱ्या लेकी पाहाव्यात तसा तो कौतुकाने एकेकापुढून गेला आणि गेलेला परत आला. प्रत्येक व्हॉक्सवर आणि हायवॉटवर ट्रेबलचा, तीव्र सुरांचा, नॉब पार शून्यावर होता. चष्मेवालीच्या व्हॉक्सवर तर नॉबला चिकटपट्टी लावलेली होती, चुकून कुणाचा हात लागून तो फिरू नये म्हणून.

कानसेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय चालवलंय?" तो ओरडला. "व्हॉक्सचं तोंड बांधून वाजवता होय? मग विकत तरी कशाला घेतलात?" त्याने चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि नॉब असायला हवा तिथे, मध्यावर, नेऊन ठेवला. "वाजव," तो चष्मेवालीला म्हणाला.

"काका, नको..."

"वाजव म्हणतो ना!"

तिने पैलवानाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग तिने बारीक तार छेडली.

आणि व्हॉक्स बोलला. वर्षभर हरवलेला तो आवाज हॉलभर मोठ्याने आला. चमकला आणि गायला लागला. कानसेनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "अस्सा! हा बघा! याला म्हणतात व्हॉक्स!" म्हणत तो हसत हसत सगळ्यांकडे वळला.

खुर्च्या पुसणाऱ्या बाईने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले होते. ड्रम्समागचा पोरगेला गडी डोळे मिटून, दात आवळून बसला होता. चष्मेवालीचे खांदे कानांपर्यंत वर गेले होते आणि तरीही ती वाजवत होती, कारण काका हसत होते.

कानसेन एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिला. त्याचं हसू जायला थोडा वेळ लागला. मग त्यानेच हात पुढे करून नॉब खाली, शून्यापर्यंत आणला, आणि त्याच्यापुरता व्हॉक्स पुन्हा घोंगडीखाली गेला. समोर मात्र सगळ्यांनी श्वास सोडला.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"वर्ष होईल," पैलवान म्हणाला.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"सांगायचं कसं, तुला? कुणाची जीभ रेटेना. म्हटलं, नॉब आहे तर खाली करू. आपलं काय जातंय?"

कानसेनला राग यायला हवा होता, पण आला नाही. ही सगळी मंडळी वर्षभर त्याच्या दुकानात येऊन "छान झालाय" म्हणत होती आणि इथे येऊन गुपचूप नॉब खाली करत होती. त्याला त्यांची माया कळली, आणि त्या मायेनेच त्याला जास्त रडू आलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं: वयानुसार वरचे सूर गेले आहेत, परत येणार नाहीत. यंत्र लावून बोलणं स्वच्छ ऐकू येईल. यंत्र लावल्यावर व्हॉक्स मात्र पत्र्याच्या डब्यासारखा वाटला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "दुकान बंद करू या." ती जवळ येऊन बसली. "मी वर्षभर किटलीवरून तुम्हाला टाकून बोलले हो," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.

पण बंद करण्याआधी बिघडवलेलं निस्तरायला हवं होतं. त्याने निरोप धाडले आणि एकेक ॲम्प परत आला. जास्तीचे कपॅसिटर त्याने आपल्या हाताने काढून टाकले. मीटर म्हणाला, ठीक आहे. मीटरचं म्हणणं कानसेनने आयुष्यात कधी शेवटचं मानलं नव्हतं. चष्मेवालीचा व्हॉक्स पुढ्यात घेऊन तो नुसताच बसून राहिला.

दुपारी पैलवान आला. स्टुलावर बसला, गिटार जोडली. "मी ऐकतो," तो म्हणाला. "तू विचार."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही म्हणून तर विचार."

"बारीक तार. वरच्या अंगाला. आणि 'छान' म्हणालास तर हाकलून देईन."

पैलवानाने तार छेडली. कानसेनला सुराची खालची बाजू ऐकू आली. वर नुसती भिंत. तो मित्राच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"सूर संपतो," पैलवान अडखळत म्हणाला, "पण संपत नाही. त्याच्यावर अजून एक बारीकसा राहतो. हलतो मध्येमध्ये."

"टोचतो?"

"नाही. मुळीच नाही."

"मग ठीक जमलाय," कानसेन म्हणाला आणि झाकण बसवायला स्क्रू उचलला.

पण पैलवान थांबेना. त्याने तीच तार पुन्हा छेडली, मग पुन्हा. कोपऱ्यात बायकोची सुई थांबली. पैलवानाने नाक पुसलं.

"हे तुला रोज ऐकू यायचं?"

"रोज."

"मग मला आधी का नाही ऐकवलंस, लेका?"

"ऐकवतच होतो," कानसेन म्हणाला. "तू भांडत होतास."

स्टूल ओढून पैलवान कानसेनच्या जवळ सरकला, तार छेडली, आणि वर काय काय चाललंय ते त्याला सावकाश सांगू लागला.