इंगोले मास्तरांचं नाक

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पलीकडचा आवाज ओळखीचा नव्हता. "इंगोले मास्तर गेले," एवढंच तो माणूस म्हणाला. मी विचारलं, "कोण बोलतंय? तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही स्वतः पाहिलंत का?" तो दुखावल्यासारखा म्हणाला, "बाई, मी शेजारी आहो त्यायचा. खांदा देऊन आताच घरी आलो." तरीही फोन ठेवल्यावर मी, मास्तर राहायचे त्या कारंज्यात, आणखी दोन ठिकाणी फोन लावला. दोन्हीकडून तेच कळलं, आणि तरी मला ते पटलं नाही. माझ्या मुलाला माझं हे वागणं विचित्र वाटलं. पण ते तीन प्रश्न मास्तरांचेच होते. कोण बोलून राह्यलं, त्याले कोनं सांगतलं, आन् त्यानं पाह्यलं का... आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं होतं. त्यांच्याच मरणाच्या बातमीला मी ते लावले, याचा राग त्यांना नक्कीच आला नसता.

कामरगावच्या शाळेत ते आम्हाला गणित शिकवायचे. माणूस अंगानं किडकिडीत, टोपी नीट बसलेली, आणि नाक मात्र चेहऱ्याच्या आधी वर्गात शिरायचं. पुस्तकाच्या मागं छापलेल्या उत्तरावरही त्यांचा विश्वास नव्हता. "छापनाऱ्यानं गणित सोडवून पाह्यलं का? त्याले खिळे जुळवता येते, गणित नाई," असं म्हणून ते फळ्यावर सगळं पुन्हा मांडायचे, आणि वर्षातून एखाद्या वेळी पुस्तक चुकलेलं निघालं की दिवसभर खुशीत असायचे. एसटीत बसायच्या आधी गाडी कुठं जाते हे पाटी वाचून, मग कंडक्टरला आणि मग ड्रायव्हरला विचारायचे. गावात त्यांना मागून 'शकी मास्तर' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्या नाकाला मात्र मानायलाच हवं. रस्त्यानं जाता जाता कोणाच्या घरी आज बेसन आहे नि कोणाच्या घरी कालचंच वरण तापवलंय, हे ते बिनचूक सांगायचे. स्वतःच्या घरी तर त्यांना लसूण-मिरचीची अशी कडक फोडणी लागायची की शेजारची म्हातारी शिंकून शिंकून शिव्या द्यायची.

सत्तावन्न साली आमचा मॅट्रिकचा निकाल लागला आणि त्याच सुमारास फ्ल्यूची साथ आली. ज्या घरात कोणी शिंकलं नाही असं घर उरलं नाही. माणसं एकमेकांकडे पाहायची ती डोळे बारीक करूनच. विहिरीवर बाई खोकली की बाकीच्या घागरी उचलून दुसऱ्या विहिरीची वाट धरायच्या. पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी तो कोणत्या गावाहून आला ते विचारायचे, आणि पाहुणाही आधी घरात कोण निजलंय ते डोकावून पाहायचा. असल्या दिवसांत कॉलेजचा विचार कोण करतो! पास झालेल्या आम्हा पाच-सहा पोरांच्या आईबापांनी तर तो सोडूनच दिला होता. पुढच्या वर्षी पाहू, म्हणाले. मास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी तुमी नाही म्हनान. मले मालूम आहे."

मग ते रोज निघायचे. नाकावर उपरणं गुंडाळलेलं, हातात काठी. अंगणात पाऊल टाकायचे नाहीत, रस्त्यावरूनच हाक मारायचे आणि घरातल्या माणसाला ओसरीवर उभं करून प्रश्नांची सरबत्ती सुरू करायचे. पोरगा जाईल कोणत्या कॉलेजात, राहील कुठं, खाईल कुठं, तिथं ताप आला तर त्याला गावी कोण आणून सोडील... सगळ्या आळीला ऐकू जायचं. वामन नावाचा माझा वर्गमित्र नागपूरला बापाच्या आत्येभावाकडे राहून शिकणार होता. त्याचा बाप अभिमानानं म्हणाला, "भाऊ हो म्हनला." मास्तरांनी रस्त्यावरून विचारलं, "भावाची बायको म्हनली का?" चौकशी केल्यावर कळलं की त्या वहिनींना ठाऊकच नव्हतं. मास्तरांनी वामनसाठी नागपुरात दुसरीकडे खोली आणि खानावळ पाहून ठेवली. वामन पुढं इंजिनिअर झाला तो त्या खानावळीच्या पोळ्यांवर.

माझ्यासाठी त्यांनी अमरावतीचं कॉलेज धरून ठेवलं होतं. सायन्सला मी जावं, मुलींच्या हॉस्टेलात राहावं. आमच्या गावची एकही मुलगी तोवर कॉलेजला गेलेली नव्हती. आमच्या अण्णांचं किराणा दुकान होतं. तराजूची दांडी पाहायची सवय जडलेला माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीच्या मागं काहीतरी दिसायचं. "हा मास्तर आपल्या पोरीसाठी येवढा काहून पळून राह्यला? याचा कोनी भाचा असन अमरावतीले. कुसुमले तिथं नेऊन गाठ घालून द्याची असन." माय म्हणाली, "भाचा असला तं चांगलाच असन." अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती चुलीकडे वळली. मला त्या भाच्याची काहीच चिंता नव्हती. मला फक्त जायचं होतं. इतकं जायचं होतं, की मी ते कोणाजवळ बोलतही नव्हते. बोललं की कोणीतरी नाही म्हणणार...

एक दिवस अण्णांनी दुकानातून बातमी आणली की अमरावतीचं कॉलेज साथीपायी बंद पडलं, हॉस्टेलात पोरी पटापट आजारी पडून राहिल्या. मास्तरांनी ती ऐकली आणि ते दुकानाच्या पायरीशी जाऊन उभे राहिले. कोनं सांगतलं? कापूस घेऊन गेलेल्या गाडीवानानं. गाडीवानाला कोनं सांगतलं? मूर्तिजापूरच्या चहावाल्यानं. मास्तर खरोखरच मूर्तिजापूरला गेले. चहावाल्याला कोणी सांगितलं, तर एका गिऱ्हाइकानं, आणि ते गिऱ्हाईक अमरावतीचं नव्हतंच, ते निघालं होतं भलत्याच गावी पोरगी पाहायला. मास्तर तिथून तसेच अमरावतीला गेले. कॉलेज चालू होतं. हॉस्टेलात दोन मुलींना ताप येऊन गेला होता आणि त्या दोघी अंगणात बसून केस विंचरत होत्या. मास्तरांनी हॉस्टेलची विहीर वाकून पाहिली, स्वयंपाकघराचा वास घेतला, परत आल्यावर रस्त्यावरून सगळं जाहीर सांगितलं. वर म्हणाले, "अण्णाजी, माह्यावर शक असन तं घ्या. घेतलाच पाह्यजे. पन मंग सोता जाऊन पाहा."

आता गुरुजीच्या तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे कोणालाच जमत नसे, अण्णांना तर मुळीच नाही. त्यांना त्यातून वाट सापडली ती आत्यामुळं. माझी विधवा आत्या आमच्याकडेच असायची. तिला ताप आला. आत्याच्या लेखी कुठलाही ताप म्हणजे माता, घरी देवी आली. अण्णांनी दाराला कडुनिंबाचा टहाळा बांधला. एकदा पाला बांधला की परक्यानं घराशी थांबायचं नाही, घरातल्या कुवार पोरीनं बाहेर पडायचं नाही, आणि चुलीवर तेल तापवायचं नाही. देवी घरात असली की फोडणी बंद. सुतक असलं की बंद, तशीच. आत्या चार दिवसांत उठली, बसली, माझ्याशी भांडलीसुद्धा. पण पाला निघेना. अण्णा म्हणाले, देवीची बोळवण शुक्रवारीच करावी लागते. शुक्रवार आला तर म्हणाले, अमावास्या होऊ दे. अमावास्या झाली तर आत्याला अजून कणकण आहे. आत्याला कणकण नव्हती. तिनं तसं सांगितलंही, तर अण्णा म्हणाले, "तुले काय कयते!" वाळला की पाला मात्र ताजा बांधला जायचा.

मास्तर रोज यायचे, पाला पाहायचे आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहायचे. प्रवेशाची मुदत संपत आली होती. एकदा त्यांनी दुकानात जाऊन विचारलं, "काहो अण्णाजी, देवी तुमच्या घरीच बसते काय? दुकानात नाई येत?" अण्णा म्हणाले, "मास्तर, देवीची चेष्टा करू नये." मास्तर परत येऊन आमच्या दारापलीकडे उभे राहिले. मी खिडकीच्या फटीतून मास्तरांची टोपी पाहायची आणि मनात म्हणायची, आता हे यायचे थांबतील. लोक तर म्हणतच होते की मास्तरला कॉलेजवाले काही देत असतील, नाहीतर कोण उन्हातान्हात दुसऱ्याच्या पोरीसाठी उभं राहतं. मलाही एकदोनदा वाटून गेलं, हे का येत असतील बरं... साथीचे दिवसच तसे होते, कोणावर विश्वास ठेवायची सवय मोडली होती.

इकडे घरात अण्णांचे हाल सुरू झाले होते. मीठ-पाण्याचं वरण आणि भात, रोज तेच. ज्याला जेवताना कपाळाला घाम आला पाहिजे, तो माणूस ताटाकडे पाहून सुस्कारे टाकायचा. माय वाढताना एवढंच म्हणायची, "मंग पाला काढा." शेवटी एक दिवस सकाळच्या जेवणाला अण्णा हळूच म्हणाले, "दे वं थोडीशी फोडणी. कोन पाहून राह्यलं?" माय उठली. तिनं कढई धुतली. दाराशी जाऊन एकदा रस्त्याकडे पाहून आली. मग लसूण ठेचत बसली, बराच वेळ ठेचत बसली. आणि मग करडीच्या तेलात तिनं लसूण नि लाल मिरच्या अशा टाकल्या की आत्याला ठसका लागला, मला ठसका लागला, आणि पाटावर बसलेले अण्णा डोळे पुसायला लागले.

बाहेरून एक शिंक ऐकू आली. त्यामागून मास्तरांचा आवाज, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "अण्णाजी! देवी गेली बरं का! फोडणी आली!"

आळीतली दारं उघडली. अण्णा पाटावर तसेच बसले. पाला तसाच ठेवावा तर देवीच्या घरात फोडणी दिल्याचं पाप, आणि पाप नको म्हणून देवी गेली म्हणावं तर पाला कशाला? बाहेर आळी वाट पाहत होती आणि ताटात वरण निवत होतं. ते आधी जेवले, ते मला चांगलं आठवतं. दोनदा वाढून घेतलं. मग हात धुऊन उठले आणि टहाळा काढला.

तरी त्यांचा शक गेला नव्हता. अमरावतीला ते माझ्याबरोबर स्वतः आले, मास्तरांशी वाटेत अक्षरही न बोलता. हॉस्टेलच्या प्रत्येक दाराची कडी त्यांनी ओढून पाहिली. फाटकापाशी अर्धा दिवस बसून कोण येतं कोण जातं ते पाहिलं, विशेषतः कोणी भाचा येतो का ते. मास्तर शेजारी बसून होते. संध्याकाळी अण्णा उठले नि म्हणाले, "ठीक हाये." मास्तर हसले आणि त्यांनी अण्णांना चहा पाजला. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती झाली, आणि ते दोघं एकत्र आले की जगात विश्वास ठेवण्यासारखं काही उरत नसे.

मी शिकले, पुढं अकोल्यात शिकवायला लागले, माझ्यामागून आमच्या आळीतल्या आणखी पोरी गेल्या. प्रत्येकीच्या हॉस्टेलची विहीर मास्तर वाकून पाहून आले. निवृत्तीनंतर ते कारंज्याला मुलाकडे राहायचे. जेवणाच्या वेळेला त्यांच्याकडे कधीही जा, कोपऱ्यावरूनच फोडणीची वर्दी मिळायची. सूनबाईच्या फोडणीला सासूचीच चव होती. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर होते. "तुले कोनं सांगतलं मी बिमार आहो म्हनून?" म्हणाले. मी म्हटलं, "आता पाहून राहिले ना मी." ते खूश झाले. मग मी कधीचं मनात होतं ते विचारलं. माय जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिनं मला कधी ताकास तूर लागू दिली नव्हती. "मास्तर, त्या दिवशी मायनं फोडणी मुद्दाम दिली होती का? तुम्हाला येताना पाहून?"

मास्तर छताकडे पाहत राहिले. "मलेबी तोच शक आहे," म्हणाले.

"मग तिला विचारलं का नाही? तुम्ही तर सगळ्यांना विचारता."

"इचारलं असतं तं नाई म्हनली असती. मंग मले ते खरं माना लागलं असतं..." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "राहू दे वं कुसमे. येवढा एक शक मले लय गोड लागते."

ते गेल्याचं कळल्यावर पाचव्या दिवशी मी कारंज्याला गेले. जेवणाची वेळ होती. बसमधून उतरून त्यांच्या रस्त्याला लागले, कोपऱ्यावर आले, तिथं पाऊल अडलं. दारासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, मी जाऊन उभी राहिले. आत भांड्यांचे आवाज येत होते. चूल चालू होती, भात शिजत असल्याचा वास आला. मी थांबले, आणखी थोडा वेळ थांबले, मान वर करून पुन्हा वास घेतला. नुसता भात होता. सूनबाई बाहेर आली, मला पाहून म्हणाली, "बाई, तिथं काहून उभ्या राह्यल्या? या ना आत." पण मला पाऊल उचलवेना. त्या घरातून फोडणीचा वास येत नव्हता. तेव्हा मला पटलं, आणि तिथंच रस्त्यावर मला रडू फुटलं.